‘आपण’ म्हटलं तरी बाहेर

मला लिहिण्याची सवय नाही. बेसबॉलच्या सामन्यांचा गुणतक्ता भरणं एवढंच माझं लेखन. पण ठोकळ्याने साडूवर सूड उगवला असं जो तो म्हणतो, आणि त्या दिवशी मी टेबलापाशी होतो, म्हणून जमेल तसं सांगतो.

ठोकळा म्हणजे आमचा पंच. कितीही आरडाओरडा झाला तरी त्याची भुवईसुद्धा हलत नसे, म्हणून खेळाडूंनी हे नाव ठेवलं. आठवडाभर तो लिफ्ट दुरुस्त करायचा. आत अडकलेली माणसं शिव्या घालत असताना बाहेरून शांतपणे पाना फिरवायचा. रविवारी मैदानावर तेच काम असतं, फक्त मध्ये दार नसतं, असं म्हणायचा.

भांडायला आलेल्या प्रशिक्षकाचं काय करायचं हे त्याचं ठरलेलं होतं. आधी हात पाठीमागे बांधून ऐकून घ्यायचं. आपण बोट दाखवलं की समोरच्यालाही बोट फुटतं. मग धावणारा शेवटी जिथे पोचतो ती पांढरी होम प्लेट लहान ब्रशने झाडायची. स्वच्छ असली तरी झाडायची. तेवढ्या वेळात शहाणा माणूस परत जातो. नाही गेला, तर तळहात दाखवून एकदा ताकीद, आणि मग अंगठा: मैदानाबाहेर. निर्णयाला हवं ते बोला, मला बोललात की बाहेर, हे तो सामन्याआधीच दोन्ही संघांना सांगून ठेवायचा.

त्याच्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा कारखान्याच्या संघाचा प्रशिक्षक होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. फाटक्या तोंडाचा. त्या मोसमात दोनदा बाहेर काढला गेला होता. तिसऱ्यांदा गेला तर नोकरी जाईल, असं कारखान्याचं पत्र आलं होतं आणि दोन्ही घरांत ते वाचून झालं होतं. त्या रविवारी नेमका ठोकळाच पंच आला, कारण संघटनेकडे पंच तीन आणि त्यातले दोघे तापाने झोपलेले. निघताना बायकोने त्याला बजावलं होतं, “ताईची चूल तुमच्या अंगठ्यावर आहे, लक्षात ठेवा.” हे त्यानेच मला नंतर सांगितलं.

शेवटच्या डावात बरोबरी होती. मास्तरचा एक धावपटू घसरत होम प्लेटवर आला, कॅचरने त्याला चेंडू लावला आणि ठोकळ्याने आउट दिलं. माझ्या टेबलावरून स्वच्छ दिसलं होतं, चेंडूच्या आधी पोराचा हात प्लेटला लागला होता. पण गुणलेखकाला तोंड नसतं.

मास्तर टोपी आपटत आला. हात आधी लागला, शेंबडं पोरही सांगेल, तुला दिसतं का रे, असं बरंच. ठोकळ्याने ऐकून घेतलं, वाकला, प्लेट झाडली. मास्तरने पायाने पुन्हा माती उडवली. त्याने पुन्हा झाडली.

“झाड, झाड,” मास्तर म्हणाला. “घरीही तेच करतोस ना.”

सगळा बाक हसला. ठोकळ्याने तळहात वर केला. “मास्तर, तू-तू करायची जागा घरी आहे. हाताबद्दल बोला, मी ऐकतो. माझ्याबद्दल आणखी एक शब्द आला तर बाहेर.”

मास्तर वळला. अर्ध्या वाटेवर पोचला असेल, तेवढ्यात समोरच्या संघातून कोणीतरी म्हणालं, “धाकट्या साडूने दम दिला की.” मग काय! तो परत आला, कमरेत वाकला, हात जोडले.

“क्षमा असावी पंचसाहेब. आपण थोर आहात. आपले डोळे आपण बहुधा लिफ्टच्या खड्ड्यात विसरून आलात. आपल्या सासऱ्यांनी आपल्याला पसंत केलं, तेव्हा त्यांचीही नजर अधूच असणार.”

सासरा दोघांचा एकच, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मैदान खदाखदा हसलं. ठोकळ्याचा अंगठा कुंपणाकडे गेला.

“मी आपण म्हणालो,” मास्तर ओरडला. “अहो-जाहो केलं. वाईट शब्द कोणता, तो सांग.”

ठोकळा पाठ फिरवून उभा राहिला. बाहेर काढल्यावर तो कधीच बोलत नसे. मास्तर प्लेटवरच बसला. शेवटी त्याच्याच खेळाडूंनी त्याला काखेत हात घालून उचलला.

मास्तरने तक्रार केली, आणि संघटनेच्या बैठकीत मला बोलावलं. मी टिपून घेतलेले शब्द वाचून दाखवले. अध्यक्ष डोकं खाजवू लागले. इतक्या आदराने बोलणाऱ्याला बाहेर कसं काढायचं, शिवी दिली होती का, असं त्यांनी ठोकळ्याला विचारलं. एका ‘हो’ने तो सुटला असता. निर्णय मागे घेतो म्हणाला असता, तर मास्तर सुटला असता. मास्तरची बायको बाहेर व्हरांड्यातच बसली होती.

“शिवी दिली नाही,” ठोकळा म्हणाला. “निर्णय माझाच चुकला होता, हात आधी लागला होता. पण दुसऱ्यांदा आला तेव्हा त्या हाताबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. सगळं माझ्याबद्दलच बोलला.”

हकालपट्टी कायम राहिली. आठवड्याभरात मास्तरची नोकरी गेली. ठोकळ्याला चुकीच्या निर्णयासाठी लहान मुलांच्या सामन्यांवर धाडलं.

व्हरांड्यात मेहुणी त्याला म्हणाली, “चूक तुमची, आणि घर आमचं बसलं.”

आता दोघी बहिणी बाजारात समोरासमोर आल्या की एक जण रस्ता ओलांडून पलीकडे जाते. बहुतेक वेळा धाकटीच.