दुसरा नंबर

हॉस्पिटलच्या टेलिफोन खोलीत त्यांनी बावीस वर्षं काढली, तेव्हा डॉक्टर मंडळींनी त्यांचं नाव ठेवलं होतं तिजोरीबाई. कुणाचा रिपोर्ट काय आला, कोणत्या सर्जनचं घरी पटत नाही, कोणत्या नर्सला दुपारी कुणाचा फोन येतो, सगळं त्यांच्या कानावरून जायचं आणि तिथेच मुक्काम करायचं. ऐकून न ऐकल्यासारखं करण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा म्हणायचा, आज भाजी कोणती केली हेसुद्धा ही बाई शेजारणीला सांगत नाही, विचारलं तर म्हणते जेवण झालं.

पुढे फोन आपोआप जोडणारं यंत्र आलं, टेलिफोन खोलीत मोडक्या खुर्च्या रचल्या गेल्या आणि तिजोरीबाई मागच्या गल्लीतल्या विगच्या दुकानात कामाला लागल्या. दुकान दादांचं. सत्तरी ओलांडलेला माणूस, खिडकीपाशी बसून बारीक आकड्याने जाळीत एकेक केस ओवत असतो. गिऱ्हाइकं बहुतेक कॅन्सरच्या उपचारांत केस गेलेली. आत शिरण्याआधी गल्लीत दोन्हीकडे बघून घेतात. अशा माणसाला खुर्ची द्यायची, चहा द्यायचा आणि पहिली दहा मिनिटं काही विचारायचं नाही, हे तिजोरीबाईंना कुणी शिकवावं लागलं नाही. तारखा आणि वेळाही त्याच ठेवायच्या, एका लांबट वहीत, पेन्सिलीने.

गेल्या वर्षी दादांच्या सुनेने त्यांना कॉम्प्युटरवर एक जादू दाखवली. प्रोग्रॅमिंगचा प सुद्धा यायची गरज नाही. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि रेघेने एकमेकांना जोडायचे. गिऱ्हाइकाने फॉर्म भरला की नाव आपोआप यादीत, आणि आदल्या संध्याकाळी सहाला आपोआप आठवणीचा मेसेज. सूनबाईंना वाटलं होतं मावशींच्या नाकी नऊ येतील. पण ही लाइन त्या लाइनला जोडायची, हे तर त्यांनी उभा जन्म केलेलं. महिन्याभरात त्या सूनबाईंच्याच चुका काढू लागल्या. सत्तावन्नाव्या वर्षी कौतुक वाट्याला आलं की माणूस थोडा फुगतोच, आणि त्या फुगल्या, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्या फॉर्मवर एक रकाना होता: अडीअडचणीला कुणाला फोन करावा? उपचारांनी थकलेलं माणूस कधी कधी खुर्चीतच घेरी येऊन पडायचं, म्हणून तो दुसरा नंबर. कुणी नवऱ्याचा द्यायचं, कुणी बहिणीचा.

मागच्या आठवड्यात एका बाईंचा फोन बंद होता, मेसेज दिसला नाही, वेळ चुकली. मुलाच्या साखरपुड्याला बिचाऱ्या डोक्याला ओढणी गुंडाळून उभ्या राहिल्या. तिजोरीबाईंना ते इतकं लागलं की त्यांनी त्याच दिवशी पडद्यावर आणखी एक रेघ ओढली: मेसेज दुसऱ्या नंबरालाही जाऊ दे. वर मायेने एक वाक्य घातलं, उपचार चालू असताना टाळू हळवी होते, जुना मऊ रुमाल बरोबर आणा. खाली दुकानाचं नाव. आपण फार चांगलं काम केलं असं त्यांना वाटलं. आता सांगून काय उपयोग, पण त्या रात्री त्यांना झोपही छान लागली होती.

बुधवारी सकाळी दुकान उघडतंय तोच एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेन्सिली, हातात फोन. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. मग फोन टेबलावर ठेवला. पडद्यावर त्यांच्या मुलीचं नाव, आज दुपारी बाराची वेळ, आणि ते मायेचं वाक्य.

मुलगी तिजोरीबाईंना चांगली ठाऊक होती. तलावावर पोहायला शिकवणारी, रुंद खांद्यांची, बोलकी. वेगळी खोली घेऊन राहायची, आणि घरी फोनवर सांगितलं होतं की खांदा दुखावलाय म्हणून रजेवर आहे. तिची आई याच आजाराने गेली होती, आणि दीड वर्ष तिची शुश्रूषा वडिलांनी एकट्याने केली होती. उपचाराच्या सहा फेऱ्यांपैकी चार झाल्या होत्या. उरलेल्या दोन उरकल्या की बाबांसमोर उभी राहीन आणि म्हणेन, एक होतं, ते आता संपलं. एवढ्यासाठी तिला तो टोप हवा होता. हे सगळं तिने याच खुर्चीत बसून सांगितलं होतं.

"इथे कोण येतं, कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही, काका," तिजोरीबाई म्हणाल्या.

"मी विचारायला आलोच नाही. विचारण्यासारखं काही उरलंय का त्यात?" मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि तो हातातच ठेवला. "हा मेसेज परत घेता येतो का, एवढंच सांगा. तिला मला सांगायचं नाहीये. मग मला माहीत असून कसं चालेल?"

परत घेता येत नाही, असं तिजोरीबाईंनी सांगितलं. तुमच्या फोनमधून पुसता येईल. कुठे दाबायचं ते दाखवलं, मास्तरांनी स्वतःच्या बोटाने पुसला, आणि फोन खिशात ठेवला. मग म्हणाले, तिला यातलं काही कळू देऊ नका. मी घरी जाऊन रोजच्यासारखा पेपर वाचत बसतो. खांदा कसा आहे म्हणून विचारत जाईन.

इथे हो म्हणणं किती सोपं होतं. म्हातारा स्वतः मागत होता, चूक झाकली जात होती, आणि कुणाचंच वाईट होत नव्हतं. तिजोरीबाईंच्या जिभेवर हो आलंही होतं.

"ज्यांचा हा निरोप होता त्यांना मला सांगावं लागेल," त्या म्हणाल्या. "नंबर दिला होता अडचणीसाठी, मी तो भलत्याच कामाला लावला. चूक माझी आहे आणि ती त्यांना कळायलाच हवी. पण तुम्ही इथे आलात, काय बोललात, ते तुमचं आहे. ते माझ्या तोंडून जाणार नाही."

एवढं होऊनही बाई मुलीचं नाव घेत नाही, हे मास्तरांच्या लक्षात आलं. ते किंचित हसले, पेन्सिली नीट केल्या आणि निघून गेले.

दादांनी आतून सगळं ऐकलं होतं. त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. मेसेज पुसला, वडील गप्प बसणार, मग खपली कशाला काढायची? या दुकानात माणसं येतात ती इथली गोष्ट बाहेर जात नाही म्हणून. ती पोरगी चार जणींजवळ बोलली तर दुकानाला कुलूप. तिजोरीबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, म्हणूनच सांगायचं, दादा. दादा पुटपुटत पुन्हा जाळीवर वाकले, पण नाही म्हणाले नाहीत.

मग त्या कॉम्प्युटरपुढे बसल्या आणि आधी ती सगळी साखळी बंद केली. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होत्या तेव्हा प्रत्येक जोडणीच्या मध्ये त्या स्वतः बसलेल्या असत. कुणाला काय जोडायचं, कुणाला नाही, हे आवाजावरून कळायचं. इथे मध्ये कुणीच बसलेलं नव्हतं. सांगितलं तेवढं यंत्राने इमानेइतबारे केलं, त्याला काय दोष द्यायचा.

आठवड्याचे मेसेज तपासले. दुसरा नंबर असलेली आणखी तीन माणसं निघाली. तिघांनाही त्यांनी फोन केला, स्वतःचं नाव सांगून, चूक सांगून. एक बाई हसल्या, माझ्या बहिणीला सगळं माहीत आहे म्हणाल्या. एका गृहस्थांनी बराच वेळ झापलं, आणि त्यांनी मान खाली घालून ऐकलं, जणू ते समोरच होते. तिसऱ्या बाईंनी पुरं ऐकून घेतलं आणि फोन ठेवून दिला. तो फोन त्यांना अजून आठवतो.

यादी उघडली तर आणखी उजेड पडला. ज्याच्या हाती लिंक पडेल त्याला ती उघडता येत होती. शिकवताना सूनबाईंनी तसंच ठेवलं होतं आणि मग दोघीही विसरल्या होत्या. ते दार बंद केलं. दुसऱ्या नंबराची रेघ काढून टाकली. मेसेजमध्ये उरलं फक्त, उद्या बाराला भेट आहे. ना दुकानाचं नाव, ना कामाचं, ना माया. माया समोर आल्यावर करता येते. जुनी नावंही अजून यादीत बसून होती. ज्यांचे केस परत आले त्यांची पुसली, आणि जी माणसंच परत आली नाहीत त्यांचीही. ती पुसताना मात्र प्रत्येक नाव एकदा वाचलं.

बाराला ती आली. तिजोरीबाईंनी चहा दिला, पण आज दहा मिनिटं थांबल्या नाहीत. समोर बसल्या आणि एका दमात सांगितलं: काल संध्याकाळी तुझ्या बाबांच्या फोनवर मेसेज गेला, त्यात काय लिहिलं होतं, कुणी पाठवला, का पाठवला. चांगल्या हेतूने केलं, हे त्यांनी मुद्दाम म्हटलं नाही.

तिने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "मला सांगायचं होतं ते, मावशी. माझ्या शब्दांत. आईचं आम्हाला रिपोर्टच्या कागदावरून कळलं होतं. मला तसं नको होतं."

तिजोरीबाई रडल्या नाहीत, रडून तिलाच आपली समजूत काढायला लावणं त्यांना बरं वाटलं नाही. यापुढे इथे यायचं नसेल तर टोप घरपोच देऊ, असं म्हणाल्या. तिने नुसती मान हलवली. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते कळलं नाही.

"बाबा मेसेज फारसे बघत नाहीत," ती थोड्या वेळाने म्हणाली. "चष्मा कुठेतरी ठेवून विसरतात. तुम्हाला काय वाटतं, वाचला असेल?"

बावीस वर्षं बोर्डावर आणि आठ वर्षं इथे, तोंडाला कुलूप लावणं इतकं अवघड कधी गेलं नव्हतं.

"वाचलाय असं धरून चाल," त्या म्हणाल्या.

तिने डोक्याचा स्कार्फ सोडला. दादांनी टोप बसवला, कानामागे दोन टाचण्या लावल्या, मागून बघितला, पुढून बघितला. तिच्या जुन्या केसांसारखाच, खांद्याच्या जरा वर. आरशात बघता बघता तिने फोन उचलला आणि नंबर लावला. तिजोरीबाई उठून जायला लागल्या, तर तिने त्यांचा हात धरून ठेवला.

"बाबा, कुठे आहात?"

फोन स्पीकरवर नव्हता, पण खोली लहान आणि मास्तर वर्गात बोलायची सवय असलेले. घरीच आहे गं, मी कुठे जाणार, पेपर वाचतोय, असा आवाज आला. एकदम नेहमीचा, थोडा कंटाळलेला.

तिजोरीबाईंनी सहज मान वर केली. खिडकीतून समोरचा बसथांबा दिसत होता. तिथल्या बाकावर इस्त्रीचा शर्ट घातलेला म्हातारा एका हाताने फोन कानाला धरून बसला होता आणि दुसऱ्या हाताने, चष्मा कपाळावर ढकलून, डोळे पुसत होता.

"मी येतेय बाबा घरी. तासाभरात. मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"ये की. मी आहेच," फोनमधून आवाज आला, आणि बाकावरचा म्हातारा बसची वाट न बघता लगबगीने घराच्या दिशेने चालू लागला.

मुलगी खुर्ची फिरवून खिडकीकडे वळत होती. तिजोरीबाईंनी हलकेच आपला हात सोडवून घेतला, पुढे झाल्या आणि ऊन येतंय म्हणत पडदा ओढून घेतला.