सर्वर चालू आहे

“सर्वर डाऊन आहे, उद्या या,” असं बेलापूरच्या सुविधा केंद्रात आम्ही काउंटरवाले रोज सांगतो. मागे बसलेला प्रोग्रॅमर दर वेळी विचारतो, “सर्वरने काय उत्तर पाठवलंय, ते वाचलं का?”

परवा दिवाळे कोळीवाड्यातल्या मावशी होडीच्या परवान्यासाठी तिसऱ्यांदा आल्या होत्या. “होडी बांधून हाय, खावाचा काय?”

प्रोग्रॅमरने तयार कोडची एक छोटी लायब्ररी वापरून मत्स्य खात्याच्या सर्वरला थेट विचारलं. खुणांच्या कंसांत आलेलं एक्सएमएल उत्तर ओळीवर बोट ठेवून वाचलं: ‘गाव भरलेलं नाही.’ गावाचा रकाना आमचंच सॉफ्टवेअर रिकामा पाठवत होतं.

तो उभा राहिला. “मावशी, सर्वर चालू हाय. चूक आमची हाय. बसा, आत्ता होईल.”

“हळू बोल,” केंद्राचे साहेब म्हणाले.

“सर, डाऊन आहे म्हणून आपण मोठ्यानेच सांगितलं ना?”

त्याने रकाना दुरुस्त करून अर्ज पुन्हा पाठवला आणि मावशींचा परवाना निघाला. परत पाठवलेल्या बाकीच्यांना मी फोन लावायला बसलो.