मधोमध थांबलेला काटा

कैरोजवळच्या झगाझिग शहरातल्या गॅरेजगल्लीत उस्ता झैनहुम या मिस्त्रीला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि त्याच्या हाती गाडी देऊन पस्तावला नाही असाही फारसा कोणी नव्हता. तरी लोक त्याच्याकडेच यायचे. एक तर तो गाडी ठेवून घ्यायचा नाही. सकाळी लंगडत आलेली गाडी संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जायची; आता दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्याच पायाने लंगडत परत यायची, ही गोष्ट वेगळी. आणि दुसरं म्हणजे त्याची जीभ. गिऱ्हाईक तणतणत यायचं आणि चहा पिऊन, हसून, गाडी पुन्हा त्याच्याच स्वाधीन करून जायचं.

इंजिन उघडून परत बंद केलं की काही ना काही उरायचंच. एखादा बोल्ट, एखादी चकती, कधी कशाची तरी स्प्रिंग. हे सगळं तो लोणच्याच्या एका मोठ्या बरणीत टाकायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "कारखानेवाले भित्रे असतात रे. तीन बोल्टांचं काम असेल तिथे चार लावतात. चौथा माझा." एकदा त्याने वायरी अशा जोडल्या की गाडी डावीकडे वळली की हॉर्न वाजायचा. गाडीचा मालक शाळामास्तर होता, आठवडाभर लोक त्या हॉर्नलाच सलाम समजून त्याला रस्त्यात परत सलाम करत होते.

बहगतशी दोस्ती झाली तीही अशाच एका घोळातून. बहगत दूर दक्षिणेकडच्या मुलखातला, सईदी माणूस. सात उतारूंची जुनी प्यूजो चालवायचा, झगाझिगच्या स्टँडवरून कैरोला. पहिल्यांदा गाडी दाखवायला आला तेव्हा झैनहुम आपला चहाचा ग्लास बॅटरीशेजारी ठेवून विसरला आणि वर बॉनेट लावून मोकळा झाला. बहगत कैरोच्या वाटेवरच्या बेन्हापर्यंत जाऊन आला. परत येऊन बॉनेट उघडलं तर ग्लास जागच्या जागी, तळाशी साखरसुद्धा तशीच. तो ग्लास हातात धरून गॅरेजच्या दारात उभा राहिला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "उस्ता, तुझा चहा फिरवून आणला. आता तरी पी."

तेव्हापासून रोज सकाळी स्टँडकडे जाताना तो गॅरेजसमोर हॉर्न द्यायचा. दोन लांब, तीन आखूड. आणि आतून झैनहुम पान्याने लोखंडी पिंपावर तेच वाजवून उत्तर द्यायचा. गल्लीतला गाद्या शिवणारा म्हणायचा, की यांचं लग्न लावून द्या एकदाचं. झैनहुमची बायको राविया हसून म्हणायची, "माझ्याशी नाही बोलत एवढं."

बहगतचा एकच दोष होता. तो घाबरट होता. म्हणजे माणसांना, पोलिसांना, अंधाराला नव्हे, इंजिनाला. गाडी हेच त्याचं सगळं होतं, आणि त्याचा अर्धा डोळा कायम टेंपरेचरच्या काट्यावर असायचा. काटा जरा वर सरकला की हा गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडून उभा. आतल्या उतारूंनी शिव्या घातल्या तरी इंजिन निवल्याशिवाय हलायचा नाही.

आता खरं सांगायचं तर तो काटा नाचायचा तो मुळात झैनहुमच्याच कृपेने. त्या गल्लीतल्या सगळ्या उस्तांचा एक धर्म होता: कुठलीही गाडी आली की आधी तिचा थर्मोस्टॅट काढून फेकायचा. पाण्याची वाट उघडझाप करणारी ती पितळी चकती म्हणजे थंड देशांतल्या लोकांचं खूळ, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. "तिकडे इंजिनाला हिवाळा बाधतो," झैनहुम म्हणायचा. "आपल्या इंजिनाला हा मफलर कशाला?" त्या काढलेल्या चकत्यांचा गल्लीत ढीग पडलेला असायचा. कोणी त्यात सिगारेट विझवायचे, कोणी डोमिनोच्या डावात उडणारे कागद त्यांखाली दाबायचे. पण चकती गेली की इंजिनाला स्वतःचा ताप सांभाळता येत नाही. सकाळी गार पडतं, गर्दीत तापतं. काटा बिचारा खरं तेच सांगत होता.

बहगत दिवसाआड यायला लागला. "उस्ता, आज पुलावर काटा अर्ध्याच्या वर गेला." "उस्ता, आज खालीच बसून आहे, उठतच नाही." झैनहुम हातातलं काम टाकून बघायचा, पाणी ओतायचा, पाइप दाबून बघायचा. शेवटी एके दिवशी त्याचं डोकं फिरलं. उपवासाचे दिवस होते, सकाळपासून तोंडात पाणी नाही, सिगारेट नाही, आणि हा समोर येऊन उभा.

"बहगत, तू रस्ता बघून गाडी चालवतोस की काटा बघून?"

"दोन्ही."

"बायकोच्या तोंडाकडे कधी एवढं बघितलंस?"

"ती तापली तर मला बघावं लागत नाही, ऐकू येतं."

झैनहुमला हसू आलं, पण राग गेला नाही. त्याने बहगतला समोरच्या कहवाखान्याच्या सावलीत बसायला धाडलं आणि डॅशबोर्ड उघडला. जुन्या रेडिओतला एक शेंगदाण्याएवढा तुकडा घेतला आणि काट्याच्या वायरीला असा जोडला की इंजिनाकडून येणारी खबर तिथेच तुटली. आता गाडी चालू केली की काटा उठायचा आणि बरोबर मधोमध जाऊन बसायचा. मग इंजिन गार असो, नाहीतर पेटलेलं असो.

बहगतने चावी फिरवली, काटा बघितला आणि त्याचा चेहरा असा फुलला की झैनहुमला स्वतःच्या हुशारीचं कौतुक वाटलं. "काय केलंस रे?" बहगतने विचारलं.

"दृष्ट काढली," झैनहुम म्हणाला.

त्यात वाईट हेतू नव्हता, हे मान्य करायला हवं. मित्राला झोप लागावी, गिऱ्हाइकाने छळू नये, आणि थोडी गंमत, एवढंच. बहगत खरंच सुखी झाला. भरधाव जायला लागला, वाटेत गाणी म्हणायला लागला. कहवाखान्यात बसून लोकांना सांगायचा, "इंजिन असावं तर माझ्या गाडीसारखं. उस्ताच्या हातात बरकत आहे." झैनहुमला ते ऐकताना सुरुवातीला हसू यायचं, मग नुसतंच बरं वाटायला लागलं, आणि पुढे पुढे तर तोही विसरून गेला.

मग एका सकाळी बहगत हॉर्न न देता आला. कहवाखान्याच्या फोनवर गावाहून निरोप आला होता. त्याची आई पहाटे गेली होती. गाव लांब, दक्षिणेला सोहाग शहराच्या पलीकडे, आणि तिकडे माती द्यायला उशीर करत नाहीत. तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर तिला नेणार होते. बहगत थोरला मुलगा. आईला कबरीत उतरवून घ्यायचा मान त्याचा.

"आगगाडीने जा," झैनहुम म्हणाला.

"आगगाडी मला वेळेवर नेईल? बघ ना जरा, उस्ता. गाडी जाईल ना गावापर्यंत?"

झैनहुमने बॉनेट उघडलं. पाणी वर केलं, तेल बघितलं. रेडिएटरचा खालचा पाइप जरासा ओलसर लागला, पण ओलसर पाइप कुठल्या गाडीला नसतो? आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला तो शेंगदाण्याएवढा तुकडा आठवला. अगदी लख्ख आठवला. पण तो काढायचा तर डॅशबोर्ड उघडावा लागणार. वेळ जाणार. समोर रडून डोळे सुजलेला माणूस उभा, त्याला काय सांगायचं, की मी तुझी थट्टा केली होती? परत आला की काढू, असं त्याने मनात म्हटलं आणि बॉनेट आपटलं.

"काटा मधे आहे ना?" त्याने विचारलं. तोंडाला सवयच लागली होती.

"आहे."

"मग झालं. जा बिनघोर. अल्ला तुझ्या आईवर रहम करो."

वाटेतल्या मिनिया शहराच्या पुढे, वाळवंटातल्या रस्त्यावर इंजिन जाम झालं. तो ओलसर पाइप फाटला होता आणि पाणी केव्हाच वाटेत सांडून गेलं होतं. बहगतला जळका वास आला होता. पण त्याने काट्याकडे बघितलं, काटा मधोमध होता, आणि त्याला वाटलं की वास पुढच्या ट्रकचा असेल. नंतर आतून काहीतरी ठोकल्यासारखं झालं आणि गाडी थांबली ती थांबलीच. भर उन्हात हात हलवत तो रस्त्यात उभा राहिला. शेवटी कांद्याच्या ट्रकवाल्याने त्याला घेतलं. तो गावात पोचला तेव्हा लोक दफनभूमीतून परत येत होते. आईला खाली चुलतभावाने उतरवून घेतलं होतं.

प्यूजो एका ट्रकवर लादून झगाझिगला आली. झैनहुमने गॅरेजचं दार ओढून घेतलं आणि सगळ्यात आधी डॅशबोर्ड उघडला. तुकडा जागेवर होता. इतक्या तापात त्याला काहीही झालं नव्हतं. झैनहुमने तो काढून खिशात टाकला. बरणीत टाकायला हात धजला नाही.

त्यानंतर त्याने जे काम केलं तसं उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. हेड उतरवलं, सगळं इंजिन सुटं केलं, एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन फडक्यावर मांडला. नवा थर्मोस्टॅट आणून बसवला, तेव्हा गाद्यावाला खास बघायला आला आणि म्हणाला, "उस्ता, ताप आलाय का?" झैनहुम बोल्ट आवळत राहिला. इंजिन बंद केलं तेव्हा फडक्यावर एकही बोल्ट उरला नव्हता. काटा पुन्हा इंजिनाला जोडला. मजुरीचं नाव त्याने काढू दिलं नाही, आणि बहगतने त्याला मिठी मारली तेव्हा झैनहुमला ते सगळ्यात जड गेलं.

बहगतने गावाहून बहिणींनी उन्हात फुगवून भाजलेल्या भाकरी आणल्या होत्या. त्या रावियाच्या हातात देत तो म्हणाला, "वहिनी, या माणसाने माझ्यासाठी जे केलं ते सख्खा भाऊ करणार नाही. दोष माझाच. वास येत होता मला. आई वाट बघत पडली होती आणि मी थांबून बॉनेट उघडलं नाही. एरवी पन्नासदा उघडायचो."

हे तो त्या दिवशी बोलला, आणि मग बोलतच राहिला. कहवाखान्यात, स्टँडवर, उतारूंपाशीसुद्धा. वास येत होता मला. कैरोच्या फेऱ्या त्याने कमी केल्या. हॉर्न मात्र रोज द्यायचा, दोन लांब, तीन आखूड, आणि झैनहुम पिंपावर उत्तर द्यायचा; पण आता ठोके हळू पडायचे. रावियाने दोनदा विचारलं, "तुमचं काय बिघडलंय?" त्याने सांगितलं, काही नाही. त्याला माहीत होतं की एका वाक्यात बहगतच्या उरावरचा धोंडा उतरेल. आणि त्याच वाक्यात आपण त्याला गमावू, हेही माहीत होतं. अशा वेळी माणूस जे करतो तेच त्याने केलं, उद्यावर टाकलं.

शेवटी बहगतनेच ते उकरलं. एका दुपारी तो गाडी घेऊन आत आला. झैनहुमने चहा मागवला. दोघे उलट्या डब्यांवर बसले.

"उस्ता, एक काम आहे. हा काटा पुन्हा हलायला लागलाय. थोडासाच, पण हलतो."

"हलू दे. इंजिन चांगलं आहे."

"मला माहीत आहे चांगलं आहे. पण मला सहन होत नाही रे. रात्रंदिवस तोच दिसतो. पूर्वी कसा शांत बसायचा मधे. तसा कर. तू एकदा केला होतास ना, दृष्ट काढली होतीस, तसा कर."

झैनहुमने ग्लास खाली ठेवला. खिशात हात घातला. तो तुकडा अजून त्याच खिशात होता, सदरा बदलला तरी तो त्याने रोज एका खिशातून दुसऱ्यात घातला होता. त्याने तो तळहातावर ठेवून पुढे केला.

"हे काय?"

"तुझा काटा शांत बसायचा तो यामुळे. याने इंजिनाची खबर काट्यापर्यंत जाऊच दिली नाही. तू सारखा यायचास म्हणून मी लावला होता."

बहगतने तो तुकडा चिमटीत उचलून उलटसुलट बघितला. बाहेर कोणीतरी पत्रा ठोकत होतं.

"म्हणजे त्या दिवशी मिनियाच्या पुढे..."

"वास खरा होता. काटा खोटा होता. तुझा दोष नव्हता, बहगत. तू नेहमीसारखाच बघत होतास."

"आणि सकाळी तू मला विचारलंस, काटा मधे आहे ना."

झैनहुमला मान वर करता आली नाही. "हो," तो म्हणाला.

बहगत ओरडला असता, अंगावर धावून आला असता, तर झैनहुमला ते हवंच होतं. पण बहगतने नुसता आपला ग्लास डब्यावर ठेवला. चहाला त्याने ओठ लावला नव्हता. गाडीत बसला, काटा वर येईपर्यंत थांबला, आणि निघून गेला.

तो पुन्हा आला नाही. पण गाद्यावाल्याने एकदा सहज सांगितलं की बहगत हल्ली वासाबद्दल काही बोलत नाही, आणि सोहागपर्यंतची भाडीसुद्धा घ्यायला लागलाय. झैनहुम म्हणाला, "बरं झालं," आणि गाडीखाली सरकला.

स्टँडचा रस्ता मात्र गल्लीवरूनच जातो, त्याला इलाज नाही. रोज सकाळी कोपऱ्यावर ते इंजिन ऐकू आलं की झैनहुम हातातलं काम सोडून पाना उचलतो. गाडी गॅरेजसमोर येते. हॉर्न वाजत नाही. इंजिनाचा आवाज तेवढा स्वच्छ असतो, कुठे ठोका नाही, कुठे खरखर नाही, त्याच्या हातून दुसरं कुठलंच इंजिन असं झालं नाही. गाडी स्टँडकडे वळेपर्यंत तो पिंपापाशी उभा राहून ऐकतो, आणि मग पाना खाली ठेवतो.