अर्धा कोयता

धुळ्याहून सकाळच्या एस.टी.ने निघालं की दुपारी फाट्यावर उतरायचं आणि तिथून पायी डोंगर चढून पाड्यावर जायचं. मी तेव्हा देवपुरात थोरल्या भावाकडे राहत होते. आमचा धाकटा भाऊ जन्मापासून अपंग होता. तो वारला तोवर त्याला भरवणं, धुणं, अंगाला तेल लावणं माझ्याकडेच होतं. आमच्या गल्लीत एक बाई राहत. त्या अपंग मुलांच्या संस्थेत होत्या आणि हे सगळं त्यांनी पाहिलेलं होतं. त्या म्हणाल्या, "सातपुड्यात अशा मुलांचं करायला माणूस मिळत नाही. पगार नाही, जाण्यायेण्याची सोय करू. जातेस का?" मी चौथी शिकलेली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझ्या तळव्यांना घाम येतो. पण या मुलांशी फार बोलावं लागत नाही, त्यांना हात लावावा लागतो. म्हणून मी हो म्हटलं.

आठवडाभर मी पाड्यावरच राहायचे. तिथे अशी मुलं बरीच होती. मी लिहिते आहे ती एका मुलीबद्दल. असेल आठेक वर्षांची. तिचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे. बोलणं दोन-चार शब्दांचं, तोंडातून लाळ. पण कुणी आलं की हसायची. तिच्या कमरेभोवती एक काळपट वळ होता. मला वाटलं जन्मखूण असेल. तिच्या आजीनेच सांगितलं, तो दोरीचा आहे.

दिवाळी झाली की पाड्यावरची माणसं ट्रकमध्ये बसून गुजरातमध्ये ऊस तोडायला जायची, ती होळीला परत. मागच्या सालात या मुलीला आजीजवळ ठेवलं होतं. आजीला दिसत नव्हतं. मुलगी सरपटत चुलीत जाऊ नये म्हणून ती तिला दिवसभर खांबाला बांधून ठेवायची. तिच्या बापाने मला सरळ सांगितलं, "अक्का, ही आपली आपण बाहेर जाई आनि येई, तर यंदा संगे लई जासूत. नही ते बांधनंच पडी." बाहेर म्हणजे परसाकडे.

मग मी दुसरं काही पाहिलंच नाही. दिवाळीच्या आत तिला चालवायचं. बापाने दोन लांब बांबू तोडून आणले आणि अंगणात खुंट्यांवर आडवे बांधून दिले. मी खापरीने घासून त्यांची कुसळं काढली. पाणी घेऊन येणाऱ्या बाया थांबून बघायच्या. एक म्हणाली, "अक्का, आठे म्हैस बांधशी का?" दुसरी म्हणाली, "म्हैस दूध तरी दी." मीही हसले.

सकाळी मोहाच्या बियांचं तेल कोमट करून पाय चोळायचे. गुडघ्यांमध्ये फडक्याची गुंडाळी ठेवून पाय फाकवायचे. ती ओरडायची. मग बांबूंच्या मधे उभं करायचं. पावसाळाभर हेच केलं. नवरात्राच्या सुमाराला तिने दोन्ही टाचा एकदम टेकवल्या. तिची आई पाठीवरच्या तान्ह्यासकट निंदणी सोडून बघायला आली. बघितलं आणि परत शेतात गेली, पण जाताना दोनदा मागे वळली.

तेवढ्यात धुळ्याहून संस्थेचे सर आले, जीपने, सोबत पाहुणे. लोखंडी पट्ट्यांचे बूट आणले होते. त्यांचं माप पावसाआधी घेतलेलं. मधे मुलीचे पाय वाढलेले. मी म्हटलं, "सर, हे आवळतात." मी हळू बोलते हे खरं, पण ते माझ्या शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "घाला, घाला, फोटोपुरतं." पाहुण्यांनी तिला बांबूंमध्ये उभं केलं, टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले. बूट काढले तेव्हा टाचेचं कातडं बुटाबरोबर आलं. सर तोवर जीपमध्ये बसले होते. त्यांनी काचेतून मला हात केला, चांगलं काम चाललंय म्हणून.

जखम चिघळली. पाय टेकवायचा प्रश्नच राहिला नाही. बांबू दिसले तरी ती अंग आखडून घ्यायची. मी रोज जायचे, मलम लावायचे, आणि दिवाळी जवळ येताना बघत बसायचे. इतका राग मला कधी आला नव्हता, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं. आजीला दिसत नव्हतं, बापाला ऐकायला वेळ नव्हता आणि सर धुळ्याला होते.

तोडीला माणसं नेणारा मुकादम दिवाळीनंतर येणार होता, तो आधीच आला. कारखाना लवकर सुरू होतोय म्हणाला. मुलीच्या घरासमोरच्या झाडाखाली बसून तो माणसं मोजायला लागला. माणसं म्हणजे कोयते. ऊसतोडीत नवरा आणि बायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावर वाहणार. एकट्या बाईला मोजत नाहीत, एकट्या पुरुषालाही नाही.

मुलीची आई म्हणाली, मी यंदा येत नाही, पोरीला बघते.

मुकादमाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो बापाला म्हणाला, "मंग तू एकला काय करशी? अर्धा कोयता मी कोठे लिखू?"

बसलेली माणसं हसली. कुणीतरी मागून म्हणालं, "अर्धा ऊस तोडी तो." बाप खाली बघून काडीने माती उकरत राहिला.

माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, एक महिना थांबा. ती चालायला लागेल."

"अक्का," मुकादम अगदी नीट म्हणाला, "ऊस चालीसन येत नही. आपलेच जानं पडस."

पुन्हा हसू. तेवढ्यात घरातून तान्ह्याचं रडणं ऐकू आलं आणि लगेच थांबलं. मुलीचा भाऊ, पावसाळ्यात झालेला, लुगड्याच्या झोळीत होता. टाच दुखायला लागल्यापासून मुलीला झोळीखाली बसवत होते आणि आईने दोरी तिच्या मुठीत दिली होती. तिची मूठ अशी आवळलेली असे की दोरी सुटायचीच नाही. मुकादम मान वाकवून दारातून आत बघत होता.

"ही झोका देस का?"

"दिनभर," आई म्हणाली.

"मंग लई चाला. तठे बठ्ठासना पोरे फडवर रडतस, सांभाळाले कोनी नही."

झालं. इतके महिने मी जे करत होते त्याच्याशी या ठरण्याचा काही संबंध नव्हता. तिला खांबाला बांधणार नाहीत, हे मला हवं होतं तेच झालं होतं. पण पाय मुडपून दिवसभर झोळीखाली बसणार म्हणजे उघडलेले सांधे परत मिटणार. मी आईला बाजूला घेऊन गुंडाळी कशी ठेवायची, पाय कसे ओढायचे ते दाखवलं. ती "हा अक्का, हा अक्का" करत भांडी पोत्यात भरत होती. मी म्हटलं, "अगं, चालायला येऊ लागलं होतं तिला."

तिने हात थांबवला. "चालीसन जाई कोठे, अक्का? तठे बठ्ठीकडे ऊस शे."

ट्रक आला तेव्हा मुलीला पोत्यांवर बसवलं. ती सगळ्यांकडे बघून हसत होती. लोखंडी बूट खाटेखाली राहिले.

धुळ्याला ऑफिसात सरांनी तिच्या नावापुढे कुटुंब स्थलांतरित असं लिहिलं. मी विचारलं, तिकडे कुणी जाऊन बघेल का. ते म्हणाले, "गुजरात आपल्या कामात बसत नाही, ताई. तुम्ही तोवर दुसरा पाडा घ्या." मी घेतला. तिथलीही निम्मी मुलं ट्रकमधून गेलेली होती.

होळीला लोक परत आले. मी दुसऱ्याच दिवशी चढून गेले. अंगणातले बांबू आजीने चुलीत घातले होते. तान्हं गुटगुटीत झालं होतं. आई अभिमानाने म्हणाली, "एक दिन भी पडू दिना नही भाऊले." मुलगी भिंतीशी बसली होती. मी तेल कोमट केलं आणि तिचे गुडघे सरळ करायला घेतले. ते हलेनात, लाकडासारखे झाले होते. मी जरा जोर लावला तशी ती ओरडली आणि तिने मला दोन्ही हातांनी ढकललं. मी मागे तेलाच्या वाटीवर पडले. तिच्या हातांत चांगलीच ताकद आली होती.