वाऱ्याची पिशवी

आमचे चंद्रहासकाका कोणावर विश्वास ठेवायचा म्हटला तर आधी त्याचा सातबारा मागतील. कळंबच्या रस्त्याला त्यांची केळीची वाडी आहे. कोणी बांधाशी उभं राहून नुसता मोबाइल काढला, तरी काकांना तो बिल्डरचा माणूस वाटतो. आमच्या पट्ट्यात तसं वाटायला कारणं भरपूर आहेत, त्यामुळे त्यांना वेडं म्हणायचीही सोय नाही.

मागल्या वर्षी आपत्ती व्यवस्थापनाची माणसं गावात आली. विषारी वायू सुटला तर काय करायचं, ते शिकवायला. पांढरे डगले, तोंडावर मुखवटे, हातात कसलीशी यंत्रं. "हे वायू मोजतायत की गुंठे?" काकांनी मला विचारलं. जयवंतीकाकू मात्र सगळं नीट ऐकून आली. जाताना त्या लोकांनी काकांच्या बांधावर खांब रोवून वर नारिंगी कापडी पिशवी लावली. वाऱ्याने तिचं शेपूट जिकडे जाईल, तिकडे पळायचं नाही. इतकं सोपं.

काकांच्या लेखी ती जमीनमोजणीची खूण. पहाटेच खांब उपटून त्यांनी ओढ्यात टाकला. पिशवी चांगली जाड होती, वटवाघळांपासून घड राखायला ती केळीच्या लोंगरावर बांधली.

त्याच आठवड्यात एका दुपारी रस्त्यापलीकडच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनिया सुटला. भोंगा वाजला. काकू वाडीत एकटीच होती. ती बांधाकडे धावली, वर बघितलं, तर खांबच नाही. केळीच्या गर्दीत वारा अंगाला लागत नाही. ती पळाली ती नेमकी वायूच्या तोंडी. दवाखान्यातून परतली ती खोकला घेऊनच. मला काकांचा भयंकर राग आला होता.

मग आपत्ती व्यवस्थापनाचे साहेब चौकशीला आले. "खांब कोणी काढला?"

काकू ओटीवर तोंडाशी पदर धरून बसली होती. लोंगरावरची नारिंगी पिशवी तिने घरी आल्या आल्याच बघितली होती. तरी ती म्हणाली, "बिल्डरची माणसं फिरत असतात, साहेब. त्यांनीच नेला असेल."

जन्मभर काका हेच सगळ्यांना ऐकवत आले होते. तिच्या तोंडून ते त्यांना सोसवेना. ते उठले, वाडीत गेले, पिशवी सोडून आणली आणि साहेबांपुढे ठेवली.

"मी काढला. आता माझ्या दाराशी रोवा, हिला दिसेल असा." मग जरा थांबून म्हणाले, "पण जागा माझीच राहील, हे आधी लिहून द्या."

काकूला हसू फुटलं. हसता हसता तिला खोकल्याची उबळ आली, आणि ती थांबेपर्यंत काका तिची पाठ चोळत बसले.