थ्रॉप मॅच सोडून गेला तेव्हा

गोखलेकाकांच्या थ्रॉपचे किस्से आमच्या जपानमधल्या, हिगाशी-कसाईच्या फ्लॅटमध्ये रद्दीसारखे साचलेत. फरक एवढाच, की इथे रद्दी टाकायलाही वार ठरलेला असतो; काका कुठल्याही वारी येतात.

२०११च्या भूकंपानंतर मात्र मीच त्यांची वाट बघायला लागले. लेकीला, इराला घेऊन पुण्याला आईकडे जावं की इथेच राहावं, या एका प्रश्नाने माझी झोप उडाली होती. मंदारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, प्रोजेक्ट सोडून निघता येत नव्हतं. आई फोनवर रोज विचारायची, "कधी येताय दोघी?" मी रोज म्हणायचे, "बघते." इतकं शिकून हे एकच क्रियापद मला नीट येतं.

काका इथल्या विद्यापीठात रसायनशास्त्राचे संशोधक. जीव मात्र एनॉक थ्रॉपवर. राणी व्हिक्टोरियाच्या काळातला हा इंग्लंडचा गिरणीकामगार एक उन्हाळाभर पगारी क्रिकेट खेळला आणि विसरला गेला.

"एकच उन्हाळा?" मी विचारलं.

"तोही पूर्ण नाही," काका अभिमानाने म्हणाले.

*

तेव्हा हौसेने खेळणारे साहेब एका गेटने मैदानात उतरायचे, पगारी खेळाडू दुसऱ्याने. पहिल्याच दिवशी थ्रॉप घाईत साहेबांच्या गेटने बाहेर आला. अंपायरने परत पाठवलं. बिचारा वळसा घालून योग्य गेटने आला, पण त्या गडबडीत बॅट साहेबांच्या खोलीत राहिली. आणि तिथे जायची त्याला परवानगी नव्हती.

मंदार म्हणाला, "आमच्या क्लायंटकडे आयडी कार्ड आत राहिलं की सेम होतं."

*

भूकंपानंतर बरीच कुटुंबं भारतात गेली, तशी नदीकाठच्या रविवारच्या क्रिकेटला माणसं कमी पडायला लागली. मंदारने ऑफिसातल्या निशिदा-सानना आणलं. ते लहानपणापासून बेसबॉलवाले. पहिलाच बॉल त्यांनी सणसणीत मारला, सवयीने बॅट फेकून दिली आणि पळत सुटले. रन आउट! बॅट हातात असती तर सहज पोचले असते. परत येऊन त्यांनी बॅट उचलली आणि तिलाच वाकून नमस्कार केला.

काकांनी समजूत घातली, "थ्रॉपचीही सुरुवात अशीच झाली होती."

निशिदा-सान आदराने म्हणाले, "थ्रॉप-सान हल्ली कुठल्या टीममध्ये असतात?"

*

शेजारच्या शिंदेवहिनी भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी मुलांसह नाशिकला गेल्या, त्या मे महिन्यात परतल्या. इथे कुठे जाऊन आलं की सगळ्यांसाठी खाऊ आणायची रीत. त्या दारोदार बाकरवडी वाटत होत्या.

"खाऊ वाटतेय की पळून गेल्याचा दंड भरतेय, माझं मलाच कळत नाहीये," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही घाबरलात?"

"घाबरले ना. फक्त तिकीट काढायला जमलं नाही."

त्यांनी मला एक पाकीट जास्त दिलं.

*

एका रविवारी चहा घेताना काकांनी थ्रॉपचा शेवट सांगितला. तो बॅटिंग करत असताना निरोप आला, की गावाकडे त्याची मुलगी तापाने फणफणलीय. त्याने बॅट खाली ठेवली आणि क्रीजवरून थेट स्टेशन गाठलं. कमिटीने त्याला पुन्हा कधी बोलावलं नाही.

"मूर्ख नव्हता तो," काका म्हणाले.

इरा चित्र बाजूला सारून ऐकत होती. एवढी चांगली संधी मला पुन्हा मिळाली नसती. जो निर्णय मला घेता येत नव्हता, तो सात वर्षांच्या मुलीकडून वदवून घ्यायचा माझा बेत होता.

"बघ इरा, मुलीसाठी त्याने मॅचसुद्धा सोडली. मुलं आधी, बाकी सगळं नंतर. म्हणून तू आणि मी थोडे महिने आजीकडे जाऊ या. बाबा इथे राहतील. चालेल ना?"

इराने माझ्याकडे पाहिलंच नाही. ती काकांना म्हणाली, "आजोबा, पण तो तिला आधीच बरोबर का नव्हता घेऊन आला?"