हिमबिबट्यासाठी पाण्याची टाकी

किस्से ठरवून गोळा करता येत नाहीत. चार माणसं एका वेडापायी रोज सकाळी भेटायला लागली की ते आपोआप साचतात. आमच्या टोळीचे सहा महिन्यांत इतके साचले, की आता मी कुणाच्या लग्नाला गेलो तरी लोक आधी खुर्ची ओढतात आणि म्हणतात, "सर, त्या टाकीचं सांगा की!"

तर टोळी अशी. मी, इंदापूरकडच्या एका शाळेतून निवृत्त झालेला पीटीचा मास्तर. नोकरी सुटली, शिट्टी सुटली नाही. सोपान, उजनीच्या पाण्यात नाव चालवतो आणि भिगवणला येणाऱ्या पाहुण्यांना फ्लेमिंगो दाखवतो. वंदनाताई, बारामतीच्या बाजूला त्यांचं डाळिंबाचं पॅकहाउस आहे. आणि बबनतात्या. घरचा ऊस, पण जीव सगळा कॅमेऱ्यात. चौघांनाही पक्ष्यांच्या फोटोंचा नाद.

एके दिवशी तात्यांनी जाहीर केलं, "पाण्यावरची पाखरं लई झाली. आता डोंगरातली शिकार!" शिकार कॅमेऱ्याची, बरं का. हिमाचलात, स्पितीला, फेब्रुवारीच्या बर्फात हिमबिबट्या शोधायचा. उंची चौदा हजार फूट.

ट्रिप नेणाऱ्यांच्या अटी तीन. वय पासष्टच्या आत हवं, पाठीवर दहा किलो घेऊन चढता आलं पाहिजे, आणि अर्जावर डॉक्टरांची सही. तात्यांना चौसष्ट पुरी झालेली आणि दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. म्हणजे यंदा नाही, तर कधीच नाही. डॉक्टर म्हणाले, "हळूहळू चढायला लागा. जानेवारीत चाचणी घेऊ, मग सहीचं बघू." त्यामुळे आम्ही वरवर कितीही दात काढत असलो तरी ते सहा महिने जीव मुठीत धरूनच काढले.

* * *

पहिला प्रश्न, चढायचं कशावर? आमच्याकडे जमीन ताटासारखी. मी म्हटलं, डोंगर पाहिजे. तात्या म्हणाले, "सर, आपल्या हितं उंच म्हंजी दोनच गोष्टी. एक ऊस, न्हायतर पाण्याची टाकी. उसावर चढता येत न्हाय."

गावच्या टाकीला एकशे अठरा पायऱ्या. ग्रामपंचायतीला अर्ज केला, किल्ली मिळाली, जुलैच्या पहिल्याच सोमवारी आम्ही चौघं खांद्याला बॅगा अडकवून हजर.

पाचव्या शालनकाकी. तात्यांच्या मंडळी. सगळं गाव त्यांना काकीच म्हणतं. पायात साधी चप्पल, हातात कापडी पिशवी, पिशवीत तात्यांच्या गोळ्या आणि पाण्याची बाटली.

मी म्हटलं, "काकी, तुम्ही खाली सावलीला बसा."

"वर ह्यांना काय झालं तर मी खाली बसून काय करू? टाळ्या वाजवू?"

मी शिट्टी तोंडात घातली आणि चढायला लागलो. त्या दिवसापासून रोज, तात्यांच्या मागे दोन पायऱ्या सोडून काकी!

* * *

तिसऱ्या दिवशी टाकीवर पोचलो आणि खाली पाहतो तर शे-दीडशे माणसं जमलेली. आमच्या लक्षातच आलं नाही, की आमच्याकडे टाकीवर माणूस चढतो तो फक्त आंदोलनाला. त्यात आमच्या पाठीवर बॅगा! लोकांना वाटलं, मुक्कामाच्या तयारीनं चढलेत.

खालून कुणीतरी ओरडलं, "तात्या, मागणी काय हाय?"

सोपान वरून ओरडला, "काय न्हाय! व्यायाम हाय!"

कुणाचा विश्वास बसेना. उलट एक म्हातारे आबा पुढे आले आणि म्हणाले, "वर हायच तर आमच्या चारीच्या पाण्याचं बी बोला की! तीन आठवडं झालं, टिपूस न्हाय!" मग काय, प्रत्येकाची मागणी वर यायला लागली. डीपी जळालाय, रस्ता उखडलाय, बिबट्याचा पिंजरा लावा. मी वरून हात जोडतोय, आणि लोकांना वाटतंय मी नेता आहे!

शेवटी पोलीस आले. कॉन्स्टेबल पोरसवदा होता, घाबरलेला. वर बघून विनवायला लागला, "काकी, तुमी तरी ऐका. उडी मारू नका. तुमची मागणी काय हाय ती सांगा, मी साहेबांना कळवतो."

काकी कठड्याला टेकून म्हणाल्या, "माझी मागणी एकच हाय. ह्यांनी खाली यावं!"

गंमत म्हणजे त्यानंतर दोनच दिवसांत कालव्याच्या चारीला पाणी सुटलं. आता आबा दर आवर्तनाच्या आधी मला विचारतात, "सर, टाकीवर कवा चढताय?"

* * *

वजनाचाही एक ताप झाला. महिन्याला वजन करायचं हा माझा नियम. पण वंदनाताई साफ सांगून बसल्या, "माझं वजन कुणाला कळता कामा नये. माझ्या नवऱ्यालासुद्धा माहीत नाही."

तोडगा तात्यांनी काढला. साखर कारखान्याचा सीझन अजून सुरू व्हायचा होता, वजनकाटा रिकामा. चौघांनी एकदम उभं राहायचं! एकूण आकडा कळतो, कुणाचा किती ते कुणालाच कळत नाही. काटेवाला ओळखीचा. पहिल्या वेळी आकडा आला तीनशे दहा. ट्रॅक्टर, ट्रॉली सोडून काट्यावर चार माणसं बघून तो म्हणाला, "ऊस लई वाळलाय तुमचा!"

महिनाभर भाकरी मोजून खाल्ली. चहा बिनसाखरेचा, तोही साखर कारखान्याच्या मुलखात. पुन्हा काट्यावर उभे राहिलो. आकडा आला तीनशे वीस!

कुणी कुणाकडे बघेना. तात्या म्हणाले त्यांचं चार किलो उतरलंय. वंदनाताईंनी देवाची शपथ घेतली. मी तर पीटीचा मास्तर, माझ्यावर संशय घ्यायची कुणाची हिंमत! बाजूला उभ्या काकी शांतपणे म्हणाल्या, "चौघात एक चोर हाय."

दुसऱ्या दिवशी मी ताणकाटा आणला, खाली बॅगांचं वजन केलं आणि टाकीवर पोचल्यावर परत केलं. बाकी सगळ्यांच्या दहा किलो. सोपानची खाली दहा, वर सात! उघडली, तर आत पेरू. पठ्ठ्या दहा किलो पेरू भरून आणायचा आणि दर वळणावर एकेक हाणायचा. महिनाभर!

मी शिट्टी फुंकून फुंकून लाल झालो. सोपान म्हणाला, "सर, उगं तापू नका. वझं मीच वर न्हेतोय न्हवं? पाठीवरनं न्हेलं काय आन् पोटातनं न्हेलं काय!"

* * *

आता हा किस्सा हसत सांगतो, पण त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

थंडीची सवय कुठे करायची? वंदनाताई म्हणाल्या, "माझं कोल्ड स्टोरेज आहे की!" तिथे डाळिंबं ठेवतात. नोव्हेंबरात आम्ही चौघं जाकिटं, कानटोप्या घालून आत गेलो. अर्धा तास बसायचं ठरलं. दार मुद्दाम जरासं उघडं ठेवलं, आणि काकी बाहेर ऑफिसात बसल्या.

पाच मिनिटांत धाड! दार बंद. तिथल्या हमालांची सवयच अशी, की उघडं दार दिसलं की ढकलायचं, थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून. मी आतली कडी दाबली. हलेना. मोबाइलला रेंज नाही. वंदनाताई दारावर बुक्क्या मारत होत्या, पण दार इतकं जाड की आमचा आवाज आम्हालाच. तात्या क्रेटवर बसले होते, हात छातीशी. त्यांचे ओठ नुसतेच हलत होते आणि मला त्याचीच भीती वाटत होती. मी विचारलं, "तात्या, दुखतंय का?" म्हणाले, "न्हाय. मोजतोय." "काय?" "क्रेट." तात्या कधीच क्रेट मोजणाऱ्यातले नव्हते.

बाहेर काय झालं ते नंतर कळलं. काकी उठून बघायला आल्या, तर दार बंद. हमालाला म्हणाल्या, "दार उघड."

तो म्हणाला, "काकी, उगंच उघडत न्हाईत. आत डाळिंबं हायत."

"आत आमचं मालक हायत!"

एवढ्या मोठ्यानं ओरडल्या, की ते जाड दार भेदून आम्हाला आत ऐकू आलं.

* * *

डिसेंबरातला हा पुढचा किस्सा मी लग्नात सांगत नाही.

चढ चालू होता. त्र्याऐंशीव्या पायरीवर तात्या अचानक खाली बसले. एक हात कठड्यावर, चेहरा पांढराफटक, कपाळावर थंडीतही घाम. मी वरून शिट्टी मारली. सगळे जागच्या जागी थिजले. काकींनी तात्यांच्या पाठीवर हात ठेवला.

खालून वंदनाताई ओरडल्या, "काय झालं?"

तात्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "शू! वर गव्हाणी घुबड बसलंय."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. टाकीच्या बुडाला कबुतरांची घाण होती, बाकी काही नव्हतं. मी सोपानकडे पाहिलं. पाण्यापलीकडचा बगळा नुसत्या चालीवरून ओळखणारा माणूस तो. त्यानं वर पाहिलं, तात्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "व्हय की! दोन हायत!"

 मग काकींनी पिशवीतून गोळी काढली. "घुबडं बघून झाली आसतील, तर ही जिभंखाली ठेवा."

खाली आल्यावर मी काकींना बाजूला घेतलं. "तुम्ही का थांबवत नाही त्यांना?"

"घरी बसवलं तर बसल्या जागीच जातील, सर. दवाखान्यातनं आणल्यावर चौदा-पंधरा दिवस बसवून बघितलं हाय मी. नुसतं भिताडाकडं बघत व्हतं." मग पिशवीला गाठ मारत म्हणाल्या, "म्हनून मागनं चालते."

मला रात्रभर झोप नाही. तात्यांना मी शब्द दिला होता की बर्फापर्यंत नेतो. पण तिथे वर, डॉक्टर नसलेल्या ठिकाणी, तात्या तसेच खाली बसले तर? सकाळी मी डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. तात्यांना न विचारता. मित्राची चहाडी केल्याची लाज वाटत होती आणि सुटल्यासारखंही वाटत होतं. डॉक्टरांनी जानेवारीची चाचणी दुसऱ्याच दिवशी ठेवली आणि तोवर टाकी बंद केली.

* * *

बारामतीला दवाखान्यात आम्ही पाचही जण गेलो. तात्यांनी घरून निघतानाच अर्ज भरून घेतला होता, फक्त सही बाकी. छातीला वायरी लावल्या आणि तात्या चालत्या पट्ट्यावर उभे राहिले. दाराच्या काचेतून आम्ही बघत होतो. तीन मिनिटं झाली, चार झाली. तात्यांनी आमच्याकडे बघून अंगठा दाखवला. पट्टा चढाचा झाला. सोपान पुटपुटत होता, "वढा तात्या, वढा."

सहाव्या मिनिटाला डॉक्टरांनी बटण दाबलं.

"मला काय होत न्हाय, डॉक्टर! चालू द्या!"

"तुम्हाला जाणवत नसेल. इथे कागदावर दिसतंय. औषध बदलू, आणखी एक तपासणी करू. खाली राहा, शंभर वर्षं जगा. पण डोंगरावर मी नाही पाठवणार."

तात्या बाहेर आले, ते शर्टाची बटणं चुकीच्या काजात लावून. बाकावर बसले. वंदनाताईंनी तोंड फिरवलं. सोपान भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला. तीस वर्षं पोरांवर फुंकलेली शिट्टी मी गळ्यातून काढून खिशात घातली. तात्या गेले नाहीत तर ते परत त्या भिंतीकडे बघत बसतील, एवढंच डोक्यात येत होतं.

मग तात्यांनी माझ्यापुढे हात केला.

"फोन तुमीच केलावता, म्हाईत हाय मला. आता पेन तरी द्या."

मी पेन दिला. त्यांनी चष्मा लावला, अर्ज मांडीवर घेतला, स्वतःच्या नावावर आणि वयावर एकेक सरळ रेघ मारली आणि वर काहीतरी लिहायला लागले.

काकी वाकल्या. "काय लिवताय?"

"नाव."

"कुणाचं?"

"तुझं."

"मला इचारलंत का?"

तात्यांनी मान वर केली. "सहा महिनं माझ्या मागनं टाकी चढलीस. तवा मला इचारलंवतंस?"

काकींनी गोळ्यांची पिशवी तात्यांच्या शेजारी बाकावर ठेवली.  आतून डॉक्टर दारात येऊन उभे राहिले होते. तात्या त्यांना म्हणाले, "डॉक्टर, वायरी गुंडाळू नका. हिला पट्ट्यावर घ्या."

काकींनी पदर कमरेला खोचला. उंबऱ्याशी चपला काढल्या. आणि आत जाता जाता मागे वळून, अर्जाकडे बोट करून म्हणाल्या,

"वय खोडा. साठ न्हाय. अठ्ठावन लिवा."